उसने प्रतीक : वाळूचित्र, चौक आणि प्रेरणेची नीती

१

चित्रप्रदर्शनाच्या परिचयपत्रकात ‘अमुक आदिवासी कलेपासून प्रेरणा घेऊन’ हे शब्द आता इतके रूढ झाले आहेत की, त्यांत काही नैतिक विधान दडलेले आहे ह्याकडे आपले लक्ष जात नाही. ‘प्रेरणा’ ह्या शब्दाची घडण मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. प्रेरणा ‘मिळते’, ‘होते’, चित्रकार ‘प्रेरित’ होतो. ह्या सर्व रूपांत कर्तृत्व देणाऱ्याकडे असते आणि घेणारा निष्क्रिय असतो. ‘प्रेरणा घेतली’ असे म्हटले तरी घेतलेली वस्तू अशी असते की, जिच्यामुळे देणाऱ्याचे काही उणे होत नाही. दिव्याने दिवा लावावा, तसे. ‘प्रभाव’ ह्या समीक्षेतील प्रतिष्ठित संज्ञेचीही स्थिती हीच आहे. प्रभाव पडतो, तो कोणी उचलीत नाही.

मराठी लोकव्यवहारात ह्याच प्रदेशातला आणखी एक शब्द आहे : ‘उसने’. उसने घेणारा स्वतः दुसऱ्याच्या दारी जातो, मागतो, वस्तू घेऊन येतो, आणि ती त्याच मापाने परत करावयाची आहे हे त्याला ठाऊक असते. उसने घेणे ही चोरी नव्हे. त्यात हीनपणाही नाही. शेजारधर्मच त्यावर उभा असतो. परंतु उसनवारीत तीन गोष्टी अध्याहृत असतात : वस्तू कोणाची आहे हे माहीत असणे, ती मागितलेली असणे, आणि ती फेडावयाची आहे ह्याचे भान असणे. एका समाजाच्या धार्मिक वा विधिगत प्रतीकांचा वापर दुसऱ्या समाजातील चित्रकार करतो तेव्हा त्या कृतीचे वर्णन ‘प्रेरणा’ म्हणून करावयाचे की ‘उसने’ म्हणून, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे. हा केवळ शब्दांचा वाद नाही. कोणता शब्द आपण स्वीकारतो ह्यावर त्या चित्रकाराकडे आपण कशाची अपेक्षा करू शकतो, हे अवलंबून आहे.

विवेचनासाठी दोन उदाहरणे समोर ठेवली आहेत. एक, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो लोकांचे वाळूचित्र आणि त्याच्याशी आधुनिक चित्रकलेचा आलेला संबंध. दुसरे, डहाणू-तलासरीच्या परिसरातील वारल्यांचा लग्नचौक. ही दोन्ही उदाहरणे इतिहासात एका ठिकाणी प्रत्यक्ष एकत्र आलेली आहेत, हे पुढे दिसेल.

२

नवाहो स्वतःला ‘डिने’, म्हणजे ‘लोक’, म्हणवतात. त्यांच्या उपचारविधींत जमिनीवर रंगीत वाळू, कुटलेला दगड, कोळसा, परागकण अशा द्रव्यांनी जी चित्रे काढली जातात त्यांना त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा आशय ‘देवतांची ये-जा होते ते स्थान’ असा सांगितला जातो. चित्र ह्या शब्दाने आपल्याला जे अभिप्रेत असते त्याहून ही कल्पना मूलतः वेगळी आहे. चित्र पाहण्यासाठी असते. स्थान प्रवेश करण्यासाठी असते. विधीचा अधिकारी गायक असतो. अनेक दिवस चालणाऱ्या पठनगायनाचा एक भाग म्हणून त्याच्या देखरेखीखाली हे चित्र घातले जाते. रोग्याला त्यावर बसवले जाते. चित्रातील देवतांच्या अंगावरची वाळू रोग्याच्या अंगाला लावली जाते. रोग्याची व्याधी म्हणजे विश्वाशी असलेल्या त्याच्या संवादात पडलेली फूट. ह्या संपर्काने ती सांधली जाते. विधी संपला की चित्र त्याच दिवशी मोडले जाते आणि वाळू बाहेर नेऊन टाकली जाते.

मराठी वाचकाला येथे रांगोळीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, परंतु साम्य मर्यादित आहे. रांगोळी पायांखाली पुसली जाते, ती पुन्हा घालता येते म्हणून. तिचे पुसले जाणे हा तिच्या अर्थाचा अनिवार्य घटक नव्हे. अधिक जवळचा दाखला पार्थिव गणपतीच्या विसर्जनाचा आहे. मूर्ती विसर्जित झाली नाही तर पूजा पुरी होत नाही. वाळूचित्राचेही तसेच आहे. मोडणे ही त्याची शेवटची रेघ आहे. म्हणूनच हे चित्र कायमस्वरूपी माध्यमात उतरवणे म्हणजे एका अर्थाने ते अपुरे ठेवणे होय, आणि अपुरा विधी धोक्याचा असतो अशी परंपरेची धारणा आहे.

असे असताना ही चित्रे कायमस्वरूपी माध्यमांत उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांत पहिल्या फळीत एक नवाहो गायकच होता, हे लक्षणीय आहे. होस्टीन क्लाह (१८६७–१९३७) हा विधींचा ज्ञाता होता आणि कुशल विणकरही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्याने वाळूचित्रांतील आकृत्या मोठ्या विणकामात आणण्यास प्रारंभ केला. त्याच्या समाजातील अनेकांना हा प्रमाद वाटला. क्लाहची भूमिका वेगळी होती. त्याला हे ज्ञान आपल्यामागे लोप पावेल अशी भीती होती. मेरी कॅबट व्हीलराइट ह्या धनिक विदुषीच्या साहाय्याने सान्ता फे येथे १९३७ मध्ये जे संग्रहालय उभे राहिले, त्याचा पाया क्लाहने दिलेल्या ज्ञानावर होता. त्याच संग्रहालयाने पुढे १९७७ मध्ये आपल्याकडील पवित्र औषधी-गाठोडी नवाहोंना परत केली आणि आपले नावही बदलले. म्हणजे देणे झाले, जतन झाले, आणि चाळीस वर्षांनी परत करणेही झाले. येथे ‘उसने’ ह्या शब्दाचा संपूर्ण व्यवहार एका संस्थेच्या इतिहासात पाहावयास मिळतो.

बाजारासाठी फळ्यांवर डिंकाने वाळू चिकटवून केलेली चित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र दिसू लागली. ती करणाऱ्या नवाहो कारागिरांनी त्यांत पुष्कळदा हेतुतः बदल केले. एखादी आकृती वगळली, एखादा रंग फिरवला. ग्राहकाला हा फरक कळत नाही. पण करणाऱ्याला कळतो, आणि ज्या शक्तींना आवाहन करावयाचे नाही त्यांनाही तो कळावा, अशी त्यामागची श्रद्धा आहे. विकावयाचे काय आणि विकावयाचे नाही काय, ह्यांमधली रेषा अशा प्रकारे चित्राच्या आतच आखली गेली.

३

१९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात अमेरिकेतील इंडियनांच्या कलेचे मोठे प्रदर्शन झाले. त्यात नवाहो गायकांनी प्रेक्षकांसमोर जमिनीवर वाळूचित्रे घातली. ते पाहणाऱ्यांत जॅक्सन पोलॉक (१९१२–१९५६) होता. वायोमिंगमध्ये जन्मलेला, ॲरिझोना व कॅलिफोर्नियात वाढलेला हा चित्रकार १९३९ पासून मद्यासक्तीवर युंगपंथीय मानसोपचार घेत होता. १९४७ पासून त्याने कॅनव्हास जमिनीवर पसरून, भोवती फिरत, त्यावर रंग ओतून व ठिबकवून चित्रे करण्यास सुरुवात केली. आणि त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका निवेदनात आपली ही रीत पश्चिमेकडील इंडियन वाळूचित्रकारांच्या रीतीशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले.

नवाहो कलेने प्रेरित झालेला चित्रकार म्हणून पोलॉकचे नाव नेहमी घेतले जाते. त्याने नेमके काय घेतले हे पाहिले तर प्रश्नाची गुंतागुंत लक्षात येते. ठिबकचित्रांत नवाहो देवता नाहीत, इंद्रधनुष्याची रक्षक आकृती नाही, चार दिशांचे चार रंग नाहीत. त्याने घेतली ती देहाची स्थिती : जमिनीवर वाकणे, चौफेर फिरणे, ब्रश न टेकवता द्रव्य सोडणे. कोणतेही पवित्र चिन्ह त्याने उघडे केले नाही, आणि आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत हेही सांगितले. ह्या दृष्टीने त्याचा व्यवहार स्वच्छ मानावा लागेल.

तरीही एक महत्त्वाचा फरक राहतो. वाळूचित्र गायक घालतो ते दुसऱ्यासाठी. त्याचे सर्व कौशल्य समोर बसलेल्या रोग्याच्या सेवेत असते. पोलॉकच्या बाबतीत गायक आणि रोगी एकच झाले. उपचाराची मुद्रा राहिली, पण उपचाराचे नाते गेले. आणि जे चित्र त्या दिवशीच मोडावयाचे, ते येथे संग्रहालयाच्या भिंतीवर उभे टांगले गेले. ह्यात पोलॉकचा दोष आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. हे रूपांतर त्याच्या कलेला आवश्यक होते. परंतु ‘प्रेरणा’ म्हणून जे मिळाले ते मूळ वस्तूपेक्षा किती वेगळे होते, ह्याचे हे निदर्शक आहे. येथे पोलॉकपेक्षा संग्रहालयाची भूमिका अधिक तपासण्यासारखी वाटते. रोगी नसताना, निवडलेल्या वेळी, प्रेक्षकांसाठी केलेला विधी हा विधी राहत नाही. तो विधीचा देखावा होतो. चित्रकार त्या देखाव्याचा प्रेक्षक होता. म्हणजे त्याने उसने घेण्यापूर्वीच वस्तू दुसऱ्या कोणी दाराबाहेर आणून ठेवली होती.

४

वारल्यांचा लग्नचौक ह्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो. घराच्या आतील भिंतीवर, गेरू-शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर, तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्या सन्निध पंचशिऱ्या देवाचाही चौक असतो. धवलेरी गाणी म्हणते, आणि गाण्यांतून देवतांना लग्नाला बोलावले जाते. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे येथेही चित्र हे देवतेचे वर्णन नसून तिच्या येण्याची जागा आहे, येथेही ते गायनापासून वेगळे काढता येत नाही, आणि येथेही ते टिकवण्यासाठी काढलेले नसते. कालांतराने ते नव्या सारवणाखाली जाते. नवाहो आणि वारली ह्यांच्यात ऐतिहासिक संबंध नाही. तरीही चित्राकडून दोघांनी केलेली अपेक्षा एका जातीची आहे.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले. त्यापूर्वी मधुबनीच्या स्त्रियांना कागद देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. वारल्यांनाही त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांची असाधारण प्रतिभा त्यातून प्रकट झाली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०११ मध्ये पद्मश्री. येथे एक पेच लक्षात घ्यावयास हवा. चौक लिहिणे हा स्त्रियांचा अधिकार. कागद मात्र प्रामुख्याने पुरुषाच्या हाती गेला, आणि जगाला ठाऊक झालेली पहिली वारली स्वाक्षरी पुरुषाची ठरली. जिव्या सोमा म्हसे ह्यांनी शेती, मासेमारी, कथा, मुंग्यांची वारुळे, तारपा नाच ह्यांचे अपूर्व विश्व उभे केले. ते चौकाचे नुसते प्रत्यंकन नव्हते, तर एका विधिलिपीतून घडवलेली नवी कथनभाषा होती. परंतु ज्या सवाशिणींच्या बोटांतून ती लिपी आली, त्यांची नावे कलेतिहासात आली नाहीत. ‘परक्याने घेतले’ एवढ्यानेच प्रश्न उभा राहतो असे नाही. आपल्यांनी घेतले तरी तो उभा राहतो.

१९८९ मध्ये पॅरिस येथे ‘पृथ्वीचे जादूगार’ ह्या आशयाच्या शीर्षकाचे प्रदर्शन भरले. ज्याँ-उबेर मार्तँ ह्यांनी शंभराहून अधिक कलावंत एकत्र आणले. त्यांतील सुमारे निम्मे पाश्चात्त्य कलाव्यवस्थेच्या बाहेरचे होते. तेथे जिव्या सोमा म्हसे होते, मधुबनीच्या बउआ देवी होत्या, आणि जो बेन हा नवाहो वाळूचित्रकारही होता. वारली आणि नवाहो अशा तऱ्हेने एका छपराखाली आले. त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातील युएन्डुमूच्या आदिवासींनी जमिनीवर घातलेल्या चित्रामागच्या उंच भिंतीवर रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताचे मातीने हाताळलेले प्रचंड वर्तुळ होते. ही मांडणी समानतेची म्हणून योजली होती. अनेक समीक्षकांना तिच्यात उतरंड दिसली. एकाची माती भिंतीवर सूर्यासारखी, दुसऱ्यांची पायाशी. ह्याच लाँगने पुढे जिव्या सोमा म्हसे ह्यांच्या प्रदेशात येऊन काम केले आणि २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे दोघांचे संयुक्त प्रदर्शन झाले. त्या वेळी दोन्ही नावे शीर्षकात बरोबरीने होती. चौदा वर्षांतला हा बदल लहान नाही. १९८९ मध्ये शेजार दुसऱ्याने ठरवलेला होता. २००३ मध्ये घेणारा निदान देणाऱ्याच्या दारी गेला होता.

५

आता ह्या सर्वांवर घेतला जाणारा सर्वांत भक्कम आक्षेप विचारात घेऊ. तो रूपवादी आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील भूमिकेनुसार चित्राचे सौंदर्य रंगरेषांच्या संवेदनांमधील संवाद, विरोध व समतोल ह्या लयतत्त्वांत असते. त्या दृष्टीने पाहता पालघटचा चौक असो की वाळूतील देवता, चित्रकाराला त्यांत दिसतात ते त्रिकोण, चौकोन, पुनरावृत्ती, पोकळी. ह्या घटकांवर कोणाची मालकी असू शकत नाही. त्रिकोण वारल्यांचा नव्हे. मग उसने घेतल्याची भाषा कशासाठी?

ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते गमावता कामा नये. अन्यथा प्रत्येक आकाराला पहारेकरी नेमावे लागतील. परंतु आक्षेप जेवढे सिद्ध करू पाहतो तेवढे सिद्ध करीत नाही. चित्रकाराला खरोखर केवळ त्रिकोण हवे असतील, तर ‘वारली’ किंवा ‘नवाहो’ हे नाव त्याला नको असावयास हवे. प्रत्यक्षात परिचयपत्रकात ते नाव आवर्जून येते. म्हणजे घेणाऱ्याला आकाराबरोबरच त्या आकारामागची प्राचीनता, पावित्र्य, निसर्गाशी असलेले नाते हे सारे हवे असते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्यसंकल्पनेचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पिले आहेत. त्या परिभाषेत सांगावयाचे तर, आपला चित्रकार उत्तर देण्याची वेळ आली की अलौकिक ध्रुवाकडे उभा राहतो, आणि चित्राला अर्थ पुरवण्याची वेळ आली की लौकिक ध्रुवाकडे. दोन्ही ध्रुव खरे असतील. पण एकाच व्यवहारात नफा एका ध्रुवावर आणि जबाबदारी दुसऱ्यावर असे करता येणार नाही. रूपवादाचा आश्रय घ्यावयाचा तर पूर्ण घ्यावा : नाव सोडावे, आभा सोडावी, आणि त्रिकोणाने जे साधेल तेवढेच साधावे. पोलॉकची ठिबकचित्रे, त्यांचे काहीही मूल्यमापन केले तरी, ही अट बहुतांशी पाळतात.

६

दुसरा आक्षेप असा : प्रतीक घेतल्याने देणाऱ्याचे काय जाते? गाय नेली तर गोठा रिकामा होतो. चिन्ह नेले तरी ते होते तेथेच राहते.

ह्याचे उत्तर इतिहासाने एका चिन्हाच्या बाबतीत दिले आहे, आणि ते चिन्ह आपल्या प्रत्येक उंबरठ्यावर आहे. नवाहो विधिचित्रांत स्वस्तिकाच्या आकाराचे एक चिन्ह येते. एका वीराच्या नदीप्रवासाच्या कथेतील ‘फिरत्या ओंडक्यां’चे ते रूप होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापाऱ्यांच्या मागणीने ते घोंगड्यांवरही विणले जाऊ लागले. फेब्रुवारी १९४० मध्ये ॲरिझोनात नवाहो, होपी, अपाची व पापागो ह्या चार जमातींच्या प्रतिनिधींनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या : आपल्या पूर्वजांचे हे मैत्रीचिन्ह दुसऱ्या एका राष्ट्राने विटाळले आहे, म्हणून आपण घोंगड्या, टोपल्या, वस्त्रे ह्यांवरील त्याचा वापर सोडून देत आहोत. ज्यांचा युरोपशी संबंध नव्हता अशा लोकांना, युरोपातील एका सत्तेने केलेल्या उचलेगिरीमुळे, आपले चिन्ह टाकावे लागले. चिन्ह गेले नव्हते. ते वापरता येण्याची शक्यता गेली होती. आपल्याकडे दारातले स्वस्तिक टिकले, कारण त्याच्यामागे कोट्यवधींच्या नित्य व्यवहाराचे बळ होते. लहान समाजाजवळ असे बळ नसते. प्रतीकाच्या अर्थावर हक्क सांगण्याची शक्ती समाजागणिक विषम असते, आणि प्रतीक घेण्यातील नैतिक भार ह्या विषमतेतून उत्पन्न होतो.

विषमतेचा हा मुद्दा आणखी मागे जातो. नवाहोंना १८६४ मध्ये त्यांच्या भूमीतून शेकडो मैल चालवत नेले गेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. वारल्यांच्या वेठबिगारीचा आणि १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या उठावाचा वृत्तान्त गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये आहे. ज्यांची जमीन आणि श्रम अगोदर घेतले गेले, त्यांच्याकडून चिन्ह घेताना ते ‘अखेर उरलेले’ घेणे असते. वारली चित्रकार आपल्या चित्रात आगगाडी किंवा सायकल रंगवतो तेव्हा त्याने शहराचे काही उचलले असे कोणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. देवाणघेवाण दोन्हीकडून होते. तिचे वजन दोन्हीकडे सारखे नसते.

७

ह्यावरून ‘ज्याचे चिन्ह त्यानेच वापरावे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मला मान्य नाही. क्लाह आणि जिव्या सोमा म्हसे ही उदाहरणे दाखवतात की, ‘ज्याचे’ ह्या शब्दाचा अर्थ समाजाच्या आतही वादग्रस्त असतो : गायकाचे की सर्वांचे, सवाशिणींचे की पाड्याचे? मालकीचा सिद्धान्त कायद्याला उपयोगी पडतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नवाहो राष्ट्राने आपले नाव विक्रीसाठी वापरणाऱ्या एका वस्त्रविक्रेत्यावर २०१२ मध्ये दावा लावला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. हे उपाय आवश्यक आहेत. परंतु त्यांनी बाजारातील नाव राखले जाते. चित्रकाराच्या सदसद्विवेकाला ते काही सांगत नाहीत. शिवाय मालकी सर्वस्वी मानली तर कलेचा इतिहासच थांबेल. क्लाहने विणलेच नसते.

माझ्या मते मालकीऐवजी उत्तरदायित्व हा निकष अधिक उपयोगी आहे. मराठी साहित्यातूनच एक दाखला देता येईल. माधव ज्यूलियनांनी गझल फारसीतून आणली. आणण्यापूर्वी ते फारसी शिकले, ती त्यांनी शिकवली, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि वृत्तांचा कसून अभ्यास केला. ‘गज्जलांजलि’तील प्रत्येक रचना यशस्वी आहे असे नव्हे. परंतु घेतलेल्या रूपाच्या नियमांनी स्वतःला बांधून घेणे, आणि घेतले त्या परंपरेला मराठी वाचकासाठी अधिक खुले करणे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. कोश ही त्या उसनवारीची फेड होती. तरी हा दाखला समबलांचा, किंबहुना घेणाऱ्याहून देणारी परंपरा वैभवशाली असल्याचा आहे. देणारा दुर्बल असेल तेव्हा फेड अधिक काटेकोर असावयास हवी.

ह्या फेडीचे स्वरूप काय? तीन गोष्टी सुचवता येतील. पहिली, नामनिर्देश, आणि तो ‘आदिवासी कला’ असा जातिवाचक नव्हे, तर गाव, व्यक्ती, विधी ह्यांचा. दुसरी, वर्ज्याचे भान. फळीवरच्या वाळूचित्रात नवाहो कारागीर जी आकृती मुद्दाम वगळतो, तेवढीच आकृती बाहेरच्या चित्रकाराला सर्वाधिक आकर्षक वाटत असेल, तर तेथे थांबणे हेच त्याच्या साधनेचे प्रमाण ठरेल. चौकातील नाचणारी माणसे घेणे वेगळे आणि पालघटला कॅनव्हासवर बसवणे वेगळे. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण : ज्यांचे घेतले त्यांच्या नजरेपुढे आपले चित्र ठेवण्याची तयारी. समीक्षकाचा अभिप्राय हा त्याला पर्याय नव्हे. ते ‘नको’ म्हणतील अशी शक्यता जेथे खरी असते, तेथेच मागण्याला अर्थ असतो.

ह्या अटींनी कला बांधली जाईल असे म्हटले जाईल. बांधली जाईल हे खरे. परंतु कोणत्या कलेला अटी नसतात? वाळूचित्र घालणाऱ्या गायकाइतक्या कडक अटींत काम करणारा कलावंत आधुनिक जगात क्वचितच सापडेल, आणि ज्या तेजाने आपण त्या चित्राकडे ओढले जातो ते बव्हंशी ह्या अटींतूनच आलेले आहे. अटी वगळून तेज घेणे, हीच मुळात उचल आहे.

८

शेवटी, मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड मुद्दा. पुण्यातील चित्रकार नवाहो प्रतीके वापरतो तेव्हा ती परकी आहेत हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून थोडा तरी संकोच असतो. तोच चित्रकार वारली आकृत्या वापरतो तेव्हा त्या ‘आपल्या’ लोककलेच्या आहेत असे त्याला वाटते, आणि संकोच नाहीसा होतो. भालचंद्र नेमाड्यांच्या देशीयतेच्या मांडणीने आपल्या समीक्षेला आपल्या भूमीत रुजलेल्या परंपरांकडे वळवले; ते ऋण मोठे आहे. तथापि देशीयतेच्या नावाने शहरी मध्यमवर्ग डहाणूच्या पाड्यावरील विधीला ‘आपला’ म्हणतो, तेव्हा ह्या ‘आपला’त किती परस्परता आहे हे विचारावे लागते. त्या पाड्यावरचे लोक आपल्या घरातील प्रतीकांना तितक्याच सहजतेने ‘आपली’ म्हणू शकतात का? नसतील, तर हा ‘आपला’ आत्मीयतेचा नसून मालकीचा आहे. भाषा एक, राज्य एक, म्हणून प्रतीकांवर हक्क एक, हे अनुमान टिकणारे नाही. नैतिक अंतर भौगोलिक अंतराने मोजता येत नाही. कळंबीपाडा आणि ॲरिझोना ह्या बाबतीत आपल्यापासून सारख्याच अंतरावर असू शकतात.

हा लेख ज्या सूस गावात लिहिला जात आहे, ते मुळशी तालुक्यातील गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पुण्याच्या ह्या पश्चिम कडेला गृहसंकुलांच्या कुंपणभिंतींवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या वारली आकृत्या दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. तारप्याभोवतीचा फेर तेथे असतो. तारपा वाजवणारा कोण, हे तेथे राहणाऱ्यांस सांगता येत नाही. ज्या मुळशीत १९२१ मध्ये धरणासाठी घेतलेल्या जमिनींवरून सत्याग्रह झाला, तेथे ‘घेणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. त्या लढ्यात मावळ्यांचा प्रश्न साधा होता : तुम्हाला हवे आहे हे समजले, पण आम्हाला विचारले कोणी? मोबदल्याचा प्रश्न त्याच्या नंतरचा होता.

प्रतीकांच्या बाबतीत हाच क्रम राखावा, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. मोबदला, निर्देशांक, सौजन्य-उल्लेख हे सर्व विचारण्यानंतरचे आहे. विचारणे म्हणजे केवळ परवानगीची सही नव्हे. चिन्ह ज्या कृतीचा भाग आहे ती कृती जाणून घेणे, तिच्यातील आपला वाटा किती हे ओळखणे, आणि काही वेळा रिकाम्या हाती परत येणे, हे सारे त्यात येते. रिकाम्या हाती परतलेल्या चित्रकाराचे नुकसान होते असे मानण्याचे कारण नाही. वाळूचित्र ज्याने एकदा मोडताना पाहिले आहे, त्याला आपल्या कॅनव्हासच्या टिकण्याविषयी काही नवा प्रश्न पडू शकतो. आणि त्या प्रश्नातून जे चित्र निघेल त्यात एकही नवाहो आकृती नसली, तरी ते त्या परंपरेचे खरे ऋणी असेल. समीक्षेचे काम अशी ऋणे ओळखण्याचे आहे. त्यासाठी ‘प्रेरणा’ हा शब्द काही काळ बाजूला ठेवून ‘उसने’ हा शब्द हाती घेतला, तर आपल्या चित्रविषयक व वाङ्मयविषयक चर्चेतील पुष्कळ संदिग्धता दूर होईल असे वाटते.